'असा शास्त्रलेख आहे': मोहाच्या क्षणी वचन कसे वापरावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, नोकरीसाठी घरापासून लांब, भाड्याच्या खोलीत एकट्याचा मुक्काम. संडे स्कूलपासूनची पुष्कळ वचने पाठ आहेत. तरी रात्री मोबाइल हातात आला की नको ते पाहिले जाते. तेवढ्यात वचन म्हणूनही पाहिले, पण काही फरक पडत नाही. प्रभू येशूने तीन वचनांत सैतानाला परतवले, मग माझ्याच बाबतीत वचन का चालत नाही? माझा विश्वास कमी पडतो का?

विश्वासाचा निकाल इतक्या घाईने लावू नका. वचने पाठ असूनही पडणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा चूक वचन वापरण्याच्या रीतीत असते. आपल्या आजूबाजूला मंत्राची सवय इतकी मुरलेली आहे की वचनही नकळत मंत्रासारखे म्हटले जाते: शब्द उच्चारले की संकट टळावे, अशी अपेक्षा. पण मोह मनात काहीतरी बोलत येतो. त्याचे एक वाक्य असते. 'दिवसभर राबलो, एवढे तरी मला मिळायला हवे.' 'कोणाला कळणार आहे?' 'फक्त पाच मिनिटे.' वचन हे त्या वाक्याला दिलेले उत्तर असते. कोणते वाक्य बोलले जात आहे हेच ओळखले नाही, तर दिलेले उत्तर भलत्याच प्रश्नाचे ठरते.

मत्तय ४:१–११ पुन्हा उघडा आणि या नजरेने वाचा. प्रभूने दिलेली तिन्ही उत्तरे 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पाचव्या पुस्तकातली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. म्हणजे तीन अध्यायांच्या पट्ट्यातली. अख्ख्या जुन्या करारातून कुठून तरी शोधून आणलेली ती वचने नाहीत. इस्राएल लोक ४० वर्षे रानात होते, तिथे ते भाकरीसाठी कुरकुरले, मस्सा येथे पाण्यावरून त्यांनी देवाची परीक्षा पाहिली, वासराची मूर्ती करून तिला नमन केले. मोशे अनुवादात त्यांना त्या काळाचा अर्थ समजावून सांगतो. प्रभू ४० दिवस रानात आहे, त्यालाही भूक लागली आहे, आणि जिथे इस्राएल घसरले त्याच जागांवर तो उभा आहे. म्हणून वचनही नेमके त्याच प्रसंगाचे येते. यातून कामाची गोष्ट अशी की सुटी ५० वचने पाठ असण्यापेक्षा आपल्या लढाईला लागू पडणारा एक उतारा मागच्या-पुढच्या संदर्भासकट मुरलेला असणे जास्त उपयोगी पडते.

दुसऱ्या मोहात सैतान स्वतः शास्त्र म्हणतो, स्तोत्र ९१:११–१२. पण 'तुझ्या सर्व मार्गांत' तुझे रक्षण करतील, हे मूळ स्तोत्रातले शब्द तो गाळतो. मंदिराच्या शिखरावरून उडी मारणे हा देवाने नेमून दिलेला मार्गच नव्हता. त्यावर प्रभू काय म्हणतो पाहा: 'परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको, असाही शास्त्रलेख आहे.' 'असाही' या शब्दावर जरा थांबा. एक वचन दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून वाचायला हवे, एवढे त्या एका अव्ययात आले. अनेक घरांत दारावर स्तोत्र ९१ लावलेले असते आणि ते सुंदरच आहे. पण हेच स्तोत्र तोडून म्हटले तर मोहाच्या बाजूने उभे करता येते, हे विसरू नये.

आणि पहिल्या मोहाची सुरुवात पाहा. बाप्तिस्म्याच्या वेळी पित्याने म्हटले होते, हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे. सैतान म्हणतो, 'तू देवाचा पुत्र असलास तर.' 'परमप्रिय' गळाले. तुमच्या खोलीतही पहिला घाव तिथेच बसतो. आधी 'आपल्यावर कोणाचे प्रेम नाही' हे मनात ठसते, मग त्याची भरपाई मोबाइलवर शोधली जाते.

आता करायचे काय, ते सांगतो. पहिले सात दिवस एकही नवे वचन पाठ करू नका. फक्त लिहा. लहान वही घ्या आणि मोह आला की (पडलात तरी आणि सावरलात तरी) चार गोष्टी नोंदवा: किती वाजले होते, कुठे होतात, त्याच्या आधीच्या तासाभरात काय झाले होते, आणि मनात कोणते वाक्य आले. चौथी नोंद सगळ्यात अवघड. तिथे 'वासना' किंवा 'सैतानाचा हल्ला' असे लिहून मोकळे होऊ नका. मन ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत लिहा, ओबडधोबड असले तरी. आठवड्याच्या शेवटी पाने चाळली की दिसते की मोह पुष्कळ असले तरी वाक्ये दोन-तीनच आहेत. बहुधा वेळही तीच, आणि आधीचा तासही सारखाच: साहेबांनी झापले, जेवण नीट झाले नाही, घरी फोन केला आणि वाद झाला.

ही रीत नवी नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने (मृत्यू इ. स. ३९९) नेमका असाच संग्रह केला होता. आठ प्रकारचे दुष्ट विचार: खादाडपणा, व्यभिचार, द्रव्यलोभ, खिन्नता, राग, कंटाळा, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व. प्रत्येकाखाली 'जो विचार असे असे म्हणतो त्याच्याविरुद्ध' अशी नोंद, आणि तिच्यापुढे शास्त्रातले वचन. अशा सुमारे ५०० नोंदी आहेत. कारणही त्याने साधे दिले आहे: वचने शास्त्रात सगळीकडे विखुरलेली आहेत, आणि झुंजीच्या वेळी हवे ते चटकन सापडत नाही. मोबाइलमध्ये अख्खे पवित्र शास्त्र असले तरी ही अडचण आजही तशीच आहे. उलट तुमच्या बाबतीत मोहाचे दार आणि शास्त्र एकाच पडद्यावर आहेत, म्हणून वचने लिहून ठेवायची तुमची कार्डे कागदाचीच हवीत.

दुसऱ्या आठवड्यात त्या दोन-तीन वाक्यांना उत्तरे शोधा. तुमच्यासारख्यांच्या वहीत नेहमी सापडणारी चार वाक्ये घेऊन दाखवतो.

'दिवसभर राबलो, एवढे तरी मला मिळायला हवे.' हे वाक्य खरे तर विसावा मागते आहे. म्हणून उत्तर मत्तय ११:२८: 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.' इथे व्यभिचाराविरुद्धची आज्ञा म्हटली तर ती खरी असूनही त्या वाक्याला उत्तर मिळत नाही. थकलेला माणूस विसावा मागत असताना त्याला नुसते 'नको' ऐकू येते.

'कोणाला कळणार आहे?' इथे स्तोत्र १३९:११–१२. अंधारही देवापुढे अंधार नाही. हे धमकीच्या सुरात म्हणू नका. ते स्तोत्र ज्याने आईच्या उदरात आपल्याला घडवले त्याच्याशी चाललेले बोलणे आहे.

'आता सुरुवात झालीच आहे, आज जाऊ दे, उद्यापासून बघू.' इथे इब्री ३:१३, ज्यात 'आज' या शब्दावरच सगळा भर आहे. पाच मिनिटे पाहिले म्हणून पन्नास मिनिटे पाहिलीच पाहिजेत असे नाही. मधूनच बंद करणे हाही आज्ञाधारकपणाच आहे. पुष्कळ जण या एका ठिकाणी हरतात, कारण पहिली चूक झाली की लढाई संपली असे त्यांना वाटते.

'मी असाच आहे, माझ्यात बदल होणार नाही.' इथे १ करिंथ ६:११. त्याआधीच्या दोन ओळींत पापांची यादी आहे आणि लोक स्वतःला झोडपण्यासाठी तेवढीच पाठ करतात. पुढच्या ओळीत पौल म्हणतो की तुमच्यापैकी कित्येक तसे होते. 'होते' हे क्रियापद अधोरेखित करा. मग धुतलेले, पवित्र केलेले, नीतिमान ठरवलेले असे तीन शब्द येतात.

नुसत्या धाकाच्या वचनांवर भिस्त ठेवणे ही फार मोठी चूक आहे, कारण लाज माणसाला त्याच जुन्या विरंगुळ्याकडे ढकलते. प्रत्येक वाक्यासाठी एक आज्ञा निवडलीत तर तिच्याबरोबर एक अभिवचनही निवडा. आज्ञा आणि अभिवचन एकाच उताऱ्यात मिळाले तर उत्तम. रोम ६:११–१४ तसा आहे: 'पापाने राज्य करू नये' ही आज्ञा आणि 'तुमच्यावर पापाची सत्ता चालणार नाही' हे अभिवचन, दोन ओळींच्या अंतराने. सुरुवात याच उताऱ्याने करा.

पाठांतराचे गणित सोपे ठेवा. रोममधल्या चार ओळींना प्रत्येकी तीन दिवस, म्हणजे बारा दिवस, आणि दोन दिवस सलग म्हणण्यासाठी. एकूण दोन आठवडे. वचन म्हणताना आधी आणि शेवटी संदर्भ बोला, नाहीतर शब्द राहतात आणि ठिकाण हरवते, मग संदर्भ उघडून पाहता येत नाही. नुसते वाचून वाचून पाठ करू नका. दोनदा वाचा, कार्ड उलटे करा, आठवून म्हणा, अडलात तरच पाहा. आठवण्याच्या त्या ताणानेच ते पक्के होते. उजळणी त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी, त्यानंतर महिन्यातून एकदा. आणि मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेले वचन मोहाच्या वाक्यात मिसळून जाते. स्वतःच्या कानांवर पडलेला आवाज वेगळा उभा राहतो.

पाठ करायला एकच भाषांतर धरा, पण अर्थ लावायला दुसरे जवळ ठेवा. बायबल सोसायटीची आवृत्ती जिभेवर बसलेली असेल तर तीच ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या माणसांसाठी केलेले भाषांतर, किंवा आजच्या सोप्या मराठीतली एखादी आवृत्ती, शेजारी उघडली की अडलेला शब्द सुटतो. चाल लावता येत असेल तर अवश्य लावा. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत रचली आणि ती १६१६ मध्ये छापली गेली. ओवी जिभेवर टिकते हे त्यांनी इथल्या लोकांकडूनच घेतले होते.

'मोह' आणि 'परीक्षा' हे शब्द वाचताना गोंधळ होतो, त्याचे कारण सांगून ठेवतो. ग्रीकमध्ये दोन्हींसाठी एकच शब्द आहे, म्हणून याकोबाच्या पहिल्या अध्यायात आपल्याकडे कधी 'परीक्षा' येते तर कधी 'मोह'. प्रसंग एकच असतो. त्यातून देव माणसाला पारखून पक्के करतो आणि शत्रू त्याच प्रसंगाने पाडू पाहतो. 'देवाने मला मोहात घातले' असे म्हणू नये, हे याकोब १:१३ स्पष्ट सांगते. पुढच्या दोन ओळींत क्रम दिला आहे: स्वतःची वासना ओढते आणि भुलवते, वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते, पाप वाढून मरण आणते. वचन ओढण्याच्या पायरीवर म्हटले तर अर्धे काम झालेले असते. बोट चित्रफितीवर टेकलेले असताना म्हटले तर ते ऐकायला मन जागेवर नसते. म्हणून तुमच्या वहीतली वेळ रात्री ११ ची असेल तर वचनाची वेळ साडेदहाची ठेवा.

आता त्या साडेदहाबद्दल. शास्त्रात काही मोहांपुढे उभे राहायला सांगितले आहे आणि काहींपासून पळायला. सैतानाला अडवा (याकोब ४:७, १ पेत्र ५:९), पण जारकर्मापासून पळा (१ करिंथ ६:१८), तरुणपणच्या वासनांपासून दूर पळ (२ तीमथ्य २:२२). योसेफाचे उदाहरण बघा. मोहात पाडू पाहणाऱ्या आपल्या धन्याच्या, पोटीफरच्या, बायकोला त्याने आधी कारण सांगितले, मग दररोज नकार दिला, मग तिच्याजवळ थांबणेच टाळले, आणि शेवटी वस्त्र तिच्या हातात सोडून बाहेर पळाला. त्या वेळी मोशेचे नियमशास्त्र लिहिलेलेच नव्हते. त्याच्याजवळ एवढेच होते की हे देवाविरुद्ध पाप आहे, आणि बाहेर जायला दार आहे. तुमच्या बाबतीत वचन म्हणत अंथरुणात मोबाइल हातात धरून बसणे म्हणजे पळायच्या जागी उभे राहणे. त्यात हरलात तर दोष वचनाचा नाही.

म्हणून साडेदहाला मोबाइल स्वयंपाकाच्या ओट्यावर चार्जिंगला लावा. खोली एकच असेल तर दाराजवळच्या फळीवर, अंथरुणातून हात पोहोचणार नाही इतका लांब. उठायला साधे गजराचे घड्याळ आणा, नाहीतर 'गजरासाठी मोबाइल जवळ हवा' ही पळवाट उरते. उशीपाशी कार्ड. ओढ उठली की आधी पाय जमिनीवर टेकवा, दिवा लावा, संदर्भासह वचन मोठ्याने म्हणा, आणि त्याच शब्दांची प्रार्थना करा: 'प्रभू, तू विसावा देईन म्हटलेस, मी थकलो आहे, दे.' मग पाणी प्या, भांडी घासा, खाली चक्कर मारून या, काहीही करा पण परत लगेच आडवे होऊ नका. ओढ शिगेला जाते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. ती कायम वाढतच जाईल हेही मोहाचे एक खोटे वाक्यच आहे.

भूक आणि झोप यांना अध्यात्माबाहेरची गोष्ट समजू नका. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने दूताकरवी आधी त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाची मंद वाणी त्याच्या नंतर आली.

काही वचने अर्धवट म्हटली जातात, तेवढी दुरुस्ती करून घ्या. याकोब ४:७ चा उत्तरार्ध सगळ्यांना येतो, 'सैतानाला अडवा, म्हणजे तो पळून जाईल.' पण वाक्य 'देवाच्या अधीन व्हा' ने सुरू होते. ज्याने एखादा कोपरा जाणूनबुजून राखून ठेवला आहे, त्याचे नुसते अडवणे टिकत नाही. १ करिंथ १०:१३ सांत्वनासाठी वापरतात, 'देव झेपेल एवढेच दुःख देतो' अशा अर्थाने. ते वचन मोहाबद्दल आहे. त्याच्या आधी 'आपण उभे आहोत असे वाटणाऱ्याने पडू नये म्हणून जपावे' हा इशारा आहे, आणि नंतर लगेच 'पळा' हे सांगणे. देव देतो तो निभावण्याचा उपाय पुष्कळदा खोलीच्या दाराएवढा साधा असतो. शिवाय तिथे 'तुम्ही' हे अनेकांना उद्देशून आहे. तो उपाय मंडळीतल्या दुसऱ्या माणसाच्या रूपानेही येतो.

तो दुसरा माणूस हवाच. २ तीमथ्य २:२२ मध्ये पळायला सांगितल्यावर लगेच शुद्ध अंतःकरणाने प्रभूचा धावा करणाऱ्यांबरोबर राहायला सांगितले आहे. पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला सांगावे. माणूस वयाने थोडा मोठा, तोंडाचा पक्का, आणि स्वतः क्षमेवर जगणारा असावा. साक्षीच्या सभेत सगळ्यांपुढे सांगण्याची गरज नाही, त्याने बरेचदा नुकसान होते. आठवड्यातून एक ठरलेली वेळ आणि ठरलेला प्रश्न असू द्या: 'रात्री मोबाइल कुठे होता?' 'कसे चालले आहे?' असे विचारले की 'ठीक' हेच उत्तर मिळते.

राग आणि दारू यांबद्दल थोडक्यात, कारण हेच कार्ड तिथेही लागते. रागाचे वाक्य 'मी ऐकून घेतले तर मला किंमत राहणार नाही' असे असते. त्याला याकोब १:१९–२० नेमके उत्तर आहे. दारूसाठी नीतिसूत्रे २३:२९–३५ पूर्ण वाचा. पेल्यातला तांबडा रंग, गोड उतरणारा घोट, शेवटी सर्पदंश, आणि इतके होऊनही 'मी पुन्हा तिच्या शोधास लागेन' हे शेवटचे वाक्य. व्यसनाचे इतके नेमके वर्णन दुसरीकडे क्वचित सापडेल. मात्र रोज पुष्कळ पिणाऱ्याने वचनाच्या जोरावर एकाएकी बंद करू नये. अंगाला कापरे, झटके, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. डॉक्टर किंवा व्यसनमुक्ती केंद्राच्या देखरेखीखालीच थांबावे. पुण्यातले मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते. अशी मदत घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे.

पडलात तर त्याच रात्रीचे काम वेगळे आहे. उद्याची वाट न पाहता १ योहान १:९ म्हणा, पापाचे नाव घेऊन कबुली द्या, आणि वहीत चार नोंदी करा. स्तोत्र ५१ सावकाश वाचा. मग झोपा. 'आता काही दिवस प्रार्थना करायला तोंड नाही' असे वाटले की इब्री ४:१५–१६ काढा. आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती असलेला याजक आहे, म्हणून धैर्याने जवळ या, असे तिथे म्हटले आहे. येत्या रविवारची उपासना लाजेपोटी चुकवू नका. प्रभुभोजनाआधी मन तपासणे वेगळे आणि महिनोन्‌महिने मेजापासून दूर राहणे वेगळे. तसे होत असेल तर पाळकांशी बोला. पेत्राने नाकारण्याआधीच प्रभूने त्याला सांगून ठेवले होते की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, आणि वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर (लूक २२:३१–३२).

दोन-तीन महिने बरे गेले की उजळणी सुटते. लूक ४:१३ सांगते की सैतान 'संधी मिळेपर्यंत' गेला. त्या शांत काळातच वहीत नवी वाक्ये येतात: 'आता मला याची गरज नाही', 'मोबाइल जवळ ठेवला तरी चालेल'. तीही लिहून काढा. त्यांच्यासाठी १ करिंथ १०:१२ चे नवे कार्ड करा, आणि प्रत्येक कार्डाच्या मागे पुढच्या उजळणीची तारीख पेन्सिलीने घाला. ती तारीख तुमच्या त्या दुसऱ्या माणसालाही कळवून ठेवा.